काळी, काळी, पांढरी, हिरवी

“हात पुढं कर,” देशिंगकर वकील म्हणाले.

रावसाहेबानं दोन्ही हात पुढं केले. वकिलांनी चष्मा कपाळावर सारला आणि भर गॅरेजात, चारचौघांच्या देखत, त्याच्या तळव्यांवर वाकून वास घेतला. आधी उजवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या. बाजारात म्हैस घेणारा गडीही तिच्या तोंडात इतका वेळ डोकावत नाही.

“साबणाचा वास येतोय.”

“जेवून हात धुतले, साहेब.”

“साबणानं?”

“व्हय.”

“एकोणीस वर्षांत जेवणानंतर तू कधी साबण मागितल्याचं मला आठवत नाही, रावसाहेब. आजच का?”

रावसाहेबानं हात तसेच पुढं धरून ठेवले. मागं घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी शेजारच्या जीपखाली उताणा पडून स्टार्टरच्या वायरी बघत होतो. मान वाकडी केली की वकिलांचे पॉलिश केलेले बूट दिसायचे, रावसाहेबाच्या झिजलेल्या चपला दिसायच्या आणि वर अधांतरी धरलेले ते दोन हात. ओकारी यायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं तसं मला सुटलं. माणसानं माणसाच्या हातांना चोरीचा वास येतो का ते हुंगून बघावं! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी बरं दिसलं असतं.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा जयसिंगपुरात पोपट मेस्त्रीच्या गॅरेजात वायरमन होतो. हाताखालचा नव्हे, चांगला आयटीआय केलेला, स्वतःचा मीटर बाळगणारा वायरमन. श्रीपालनं हात लावला की वायर परत बोंबलत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते म्हणू द्यायचो.

रावसाहेब बंडगर हा वकिलांचा ड्रायव्हर. आमच्या भागात आईबाप पोराचं नाव रावसाहेब, बाबासाहेब ठेवून मोकळे होतात, पुढं साहेबी मिळो न मिळो. ह्याच्या वाट्याला साहेबाची गाडी आली. रोज जयसिंगपूर ते कोल्हापूरचं कोर्ट आणि परत, ऐंशी किलोमीटर. पन्नाशीचा माणूस, चार मैलांवरच्या धनगरवाडीत राहणारा. जवळ मिरवण्यासारखं काही असेल तर ते नाव. वाडीत कुणाचं भांडण लागलं की शेवटी “रावसाहेब काय म्हणतोय बघा,” इथवर यायचं आणि मिटायचं.

पंधराचं ॲव्हरेज देणारी वकिलांची गाडी दोन महिन्यांपासून दहावर आली होती. गाडी चालवतो रावसाहेब, पेट्रोल भरतो रावसाहेब, म्हणजे पितोही तोच, असा वकिली निष्कर्ष निघाला. वकिलांनी टाकीच्या झाकणाची किल्ली स्वतःकडं घेतली. झाकणावर चिकटपट्टी लावून तीवर सही केली. तरी ॲव्हरेज दहाच. त्यावरून त्यांनी काय ताडावं? तर हा गडी खालून नळी काढून घेतो. रावसाहेबाच्या घरी सायकल होती. चोरलेलं पेट्रोल तो घालणार होता कशात, हा प्रश्न एवढ्या मोठ्या वकिलाला पडला नाही.

“टाकी गळते का, पाइप गळतो का, नीट बघून सांगा, मेस्त्री,” वकील म्हणाले. “ह्याला संशयाचा फायदा द्यायची माझी इच्छा आहे. देण्यासारखा असला तर.”

पोपट मेस्त्रीच्या गालात गुटख्याचा तोबरा होता. तो गाडीखाली अर्धा मिनिट वाकला, उठला, खांबाजवळ ठेवलेल्या तेलाच्या डब्यात पचकन थुंकला. त्या डब्याचा काठ वर्षानुवर्षांच्या पिंकांनी लाल-काळा चिकट झाला होता आणि त्यावर माश्या बसायच्या.

“गाडी ठणठणीत हाय, साहेब. थेंब गळत न्हाई. आता पेट्रोल कुठं जातंय, ते काय गाडी तोंडानं सांगत न्हाई.” आणि हसला.

“मेस्त्री, धूर काळा येतोय,” रावसाहेब म्हणाला. “चढाला पेट्रोलचा वास मारतोय. मी तुमास्नी दोनदा सांगिटलंय.”

“गाडीचं वय झालंय, मामा. आपला तरी धूर पांढरा हाय व्हय?”

वकील हसले नाहीत. त्यांनी रुमालानं नाक पुसलं, नाकाला काही लागलं असावं तसं. मग म्हणाले, “पोलिसात जायचं माझ्या मनात नाही. तुमच्या वाडीत बिरोबा आहे ना? उद्या रविवार. देवासमोर भंडारा उचल. एक थेंब घेतला नाही असं सांग. माझ्यापुरता विषय संपला.”

“उचलतो की!” रावसाहेब एवढ्या चटकन म्हणाला की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. “उद्या कशाला, आत्ता उचलतो.”

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती ओंजळीत घेऊन खोटं बोललं तर पाच आठवड्यांत देव झटका दाखवतो, आणि तो बोलणाऱ्या एकट्याला नाही, सगळ्या वाडीला, असं तिथले लोक मानतात. म्हणून त्या वाडीत उठसूट कुणी भंडारा उचलत नाही. उचलला की वाद संपला. आयुष्यभर साक्षीदारांकडून शपथा घेऊन त्या कशा निभवायच्या ते शिकवणाऱ्या माणसाला ऐनवेळी देव आठवला, हे बघून मला हसावं की थुंकावं कळेना.

गाडी धुवायला म्हणून सोमवारपर्यंत आमच्याकडंच राहिली. वकील रिक्षानं गेले. रावसाहेब चालत गेला.

दुपारी गाडी धुवायच्या जागेवर घ्यायची म्हणून मी आत बसलो आणि किल्ली फिरवली. किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात. तेलाचा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. इंजिनाचा लागला नाही. बल्ब गेला असेल म्हणून मी काटे-दिव्यांची ती पाटी खोलली. बल्ब गेलेला नव्हता. बल्ब नव्हताच. नुसतं भोक होतं.

“अण्णा, ह्यातला इंजिनाचा बल्ब कुठाय?”

“मी काढला,” पोपट मेस्त्री म्हणाला. “दिवा लागतोय, दिवा लागतोय म्हणून वकील डोकं खायला लागलावता. काढून टाकला. आता लागत न्हाई.”

“कधी काढला?”

“तू सेन्सर बदललास बघ, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.”

हे तो टायरला हवा भरता भरता म्हणाला. तो सेन्सर मला चांगला आठवत होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याच गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा आत उंदरांनी घर केलेलं होतं. सीटचा कापूस, कोर्टाच्या कागदांचे कपटे, लेंड्या आणि त्या सगळ्यात डोळे न उघडलेली, बोटाएवढी गुलाबी पिल्लं. पोपट मेस्त्रीनं ती शेपटीला धरून एकेक करून गटारीत टाकली आणि दरवेळी “चला, सासरला,” म्हणाला. मुताचा वास इंजिनाच्या उष्णतेनं असा उठला होता की दोन दिवस माझ्या नाकातून गेला नाही. उंदरांनी ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी पार मुळापर्यंत खाल्ल्या होत्या.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला, स्पार्क प्लगसारखा दिसणारा तुकडा. त्याचं काम एवढंच, धुराचा वास घ्यायचा आणि पेट्रोल जास्त जळतंय की कमी हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं. कॉम्प्युटर त्याप्रमाणं पेट्रोल सोडतो. पोपट मेस्त्रीनं कुठूनसा दुसऱ्याच कंपनीचा, प्लग नसलेला, चार मोकळ्या वायरींचा सेन्सर आणून दिला. जोडून घे म्हणाला.

गाडीच्या बाजूला दोन पांढऱ्या, एक राखाडी, एक काळी. सेन्सरला दोन काळ्या, एक पांढरी, एक हिरवी. एकाच रंगाच्या दोन असतात त्या सेन्सर तापवायच्या, एवढं मला ठाऊक होतं. दोन काळ्या दोन पांढऱ्यांना जोडल्या. बरोबर. उरल्या दोन. फिकी फिकीला आणि गडद गडदला, असं म्हणून मी पांढरी राखाडीला जोडली आणि हिरवी काळीला. मीटर लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. मीटर हाताशी होता. पण माझे हात उंदरांच्या घाणीनं बरबटले होते आणि त्या हातांनी माझा मीटर उचलायची मला किळस आली. वर अक्कल अशी की जोड कथलाचा डाग देऊन न करता दाबाच्या नळ्यांनी केले. हा सेन्सर वायरींच्या आतून हवा घेतो, डाग दिला तर गुदमरतो, हे तालुक्यात मला एकट्यालाच माहीत आहे ह्याचा मला गर्व होता.

आता मी हात धुतले. मीटर आणला. गाडी वीस मिनिटं चालू ठेवून तापवली आणि मीटरची लाल टोचणी काळ्या वायरीच्या जोडात घातली, काळी राखाडीच्या. काटा नसतो, आकडे असतात. शून्य पूर्णांक एक ते शून्य पूर्णांक नऊ ह्यांच्यामध्ये ते सारखे नाचायला पाहिजेत. माझ्यासमोर शून्य पूर्णांक आठ असं स्थिर उभं होतं, आणि त्याच्या आधी उणे चिन्ह.

उलटं. त्या कंपनीच्या सेन्सरला पांढरी वायर बातमी देणारी असते आणि हिरवी परतीची. सेन्सर दोन महिने ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त होतंय, जास्त होतंय. कॉम्प्युटरला ते उलटं ऐकू येत होतं. कमी पडतंय म्हणून तो ओतत होता, अजून कमीच म्हणून अजून ओतत होता. मी मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. चुलीच्या भोकातून निघावी तशी ओली काजळी बोटाला आली. ती दोन महिने तिथंच होती. अर्धा मिनिट वाकलेल्या पोपट मेस्त्रीला दिसली नसेल असं नाही.

“अण्णा, वायरी माझ्याकडनं उलट्या जोडल्यात. पेट्रोल गाडीच पितीया. वकिलांना सांगायला पायजे.”

पोपट मेस्त्रीनं हवेचा पाइप खाली ठेवला. “काय सांगणार?”

“रावसाहेबमामानं घेतलं न्हाई म्हणून.”

“आन् बल्बचं? ते बी सांगणार?”

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

“आरं, वकील हाय त्यो. तुला कोर्टाची पायरी दाखवंल, मला बी दाखवंल. गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई. आन् कशासाठी? रावसाहेबाला पायजे काय? ॲव्हरेज पायजे. मग ते दे की त्याला! वायरी सरळ कर, मी बल्ब घालतो. सोमवारपास्नं गाडी पंधरा दील. वकिलाचं तोंड बंद, रावसाहेब मोकळा. भांडणाचं मूळच राहत न्हाई. चूक निस्तरल्यावर परत तिची दवंडी कोण पिटतंय व्हय?”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं, कुणीतरी बोलायचा अवकाश होता. मी जोड कापले, तारा सोलल्या, पांढरी काळीला आणि हिरवी राखाडीला घालून नळ्या दाबल्या. पंधरा मिनिटांचं काम. गाडी तापली, मीटरवर आकडे नाचायला लागले, धुराचा वास गेला. पोपट मेस्त्रीनं बल्ब बसवला. किल्ली फिरवल्यावर दिवा लागला आणि गाडी सुरू झाल्यावर विझला. रावसाहेबाचं भलं केलं ह्या समाधानात मी घरी गेलो, हे सांगताना आजही माझी मलाच घाण वाटते.

रविवारी मी वाडीत गेलो. न जाऊन चैन पडेना. बिरोबाचं देऊळ माळावर, कौलारू, बाहेर पाराभोवती चाळीस-पन्नास माणसं. वकील कुणाच्या तरी गाडीतून आले होते आणि त्यांना बसायला खुर्ची दिली होती. रावसाहेबानं धुतलेला फेटा बांधला होता. मला बघून तो गर्दीतून वाट काढत आला.

“आलास? लई बरं झालं बघ,” म्हणाला. “माझ्या बाजूचं कोणतरी पायजेच की.”

पुजाऱ्यानं त्याच्या ओंजळीत भंडारा ओतला. रावसाहेब स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “साहेबांच्या गाडीतला एक थेंब जरी मी घेतला असंल, तर बिरोबानं माझे डोळे घ्यावेत.”

ड्रायव्हरनं डोळ्यांची शपथ घेतली. मी तेव्हा बोलू शकलो असतो. आठ पावलांवर होतो. पण मी मनात म्हणालो, खरंच तर बोलतोय तो, मग बिघडलं कुठं? सोमवारी गाडी पंधरा देईल आणि देवही खूश, वकीलही खूश. रावसाहेबाचा चेहरा तर असा उजळला होता की पोराटोरांनाही तो हात जोडत होता.

पुढच्या शनिवारी वकील गॅरेजात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

“पंधरा!” ते दारातूनच म्हणाले. “सोमवारी टाकी भरली, काल परत भरली. पंधरा पूर्णांक दोन!”

“बघा! मी म्हनत न्हवतो, गाडी ठणठणीत हाय,” पोपट मेस्त्री म्हणाला. त्यानं गालातला तोबरा बोटानं काढून डब्यात झटकला, बोट विजारीला पुसलं आणि त्याच हातानं दोन पेढे उचलले.

मीही एक घेतला. तोंडात टाकला. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

“आता काय सिद्ध झालं ते बघा,” वकील म्हणाले आणि स्टुलावर बसले. बोलण्यात रंगले होते. “शनिवारपर्यंत दहा. सोमवारपासून पंधरा. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच. मध्ये घडलं काय? भंडारा. भंडाऱ्याच्या आधी पेट्रोल जात होतं, भंडाऱ्यानंतर जायचं थांबलं. म्हणजे कोण घेत होतं?”

पेढा माझ्या जिभेवर तसाच राहिला.

“देवाची भीती वाटली, थांबला. पण उचलला तो खोटाच. एकोणीस वर्षं मी ज्याच्या हातात माझा जीव दिला, तो माणूस देवासमोर उभा राहून खोटं बोलला.” त्यांनी मान हलवली. वाईट वाटलेलं खोटं नव्हतं, त्याचीच मला जास्त किळस आली. “तरी मी न्यायानं वागणारा माणूस आहे. मेस्त्री, गाडी इथं असताना तुम्ही तिच्यात काही केलं होतं का?”

“नुसती धुतली, साहेब.”

“तू?” वकिलांनी माझ्याकडं बघितलं.

माझं तोंड भरलेलं होतं. मी मान हलवली. नाही.

“झालं तर. मी त्याला काढलेलं नाही. माफ केलं. काल वाडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, मी ह्याला माफ केलंय. अजून काय करायचं माणसानं?”

ते गेल्यावर मी मागं जाऊन पेढा थुंकला. तोंड धुतलं, परत धुतलं. दुधाचा तो गोडसर वास दातांतून जाईना. पोपट मेस्त्री म्हणाला, “तुला काय झालं रं? नोकरी तर ऱ्हायली की त्याची.” आणि उरलेला पुडा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

बुधवारी सकाळी रावसाहेब सायकलवरून आला. पोपट मेस्त्री सांगलीला सामान आणायला गेला होता, गॅरेजात मी एकटाच. सायकल भिंतीला लावून तो माझ्याजवळ आला. दाढी वाढली होती.

“श्रीपाल, एक इचारू?”

“विचारा की, मामा.”

“त्या रविवारी गाडी हितं होती. तू काय केलंस काय तिला?”

मी हातातला पाना उगाच दुसऱ्या हातात घेतला. “का?”

“वाडीत कोण बोलंना झालंय,” तो म्हणाला. “ज्ञानूच्या म्हशीचं रेडकू मेलं, ते माझ्यामुळं. खालच्या आळीतली पोरगी तापानं पडलीया, ती बी माझ्यामुळं. खोटा भंडारा उचलला म्हनत्यात. पुजारी म्हनतोय, कबूल कर, उतारा करू, वाडी मोकळी हुईल. बायको म्हनतीया, घेतलं असंल तर घेतलं म्हना, माणूसच हाय, चुकतंय. ती बी असं म्हनाली बघ.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी घेतलं न्हाई म्हनलं. तर म्हनली, मग ॲव्हरेज कसं वाढलं? हाय उत्तर माझ्याकडं? न्हाई. रात्रं पडून इचार करतोय, माझ्याच हातनं काय हुतंय काय, मला न कळता. डोकं फिरायची पाळी आलीया. म्हनून म्हनलं, आधी तुला इचारावं. वायरीतलं तुला कळतंय. तू कायतरी केलं असशील, तर मी तसं सांगतो. कुणाचं नाव घेत न्हाई, गाडीत बिघाड हुता एवढंच सांगतो. न्हाईतर येत्या रविवारी कबूल हुतो आन् मिटवून टाकतो.”

नावसुद्धा घेणार नव्हता. एवढं सोपं करून त्यानं माझ्यापुढं ठेवलं होतं. पण पहिल्या दिवशी सांगितली असती तर ती चूक होती. आता तिच्यावर भंडारा चढला होता, पेढा चढला होता, भरल्या तोंडानं हलवलेली मान चढली होती. दोन महिन्यांपूर्वी वायर उलटी जोडणारा मी अडाणी होतो, आता जो होतो त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

“काय न्हाई केलं, मामा,” मी म्हणालो. “नुसती धुतली.”

पोपट मेस्त्रीचे शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडातून निघाले.

“बरं,” रावसाहेब म्हणाला. त्यानं माझ्यावर रागवावं, निदान संशयानं बघावं अशी मी वाट बघत होतो. त्यानं सायकल वळवली. “तसं मला वाटलंवतंच. केलं असतंस तर तूच येऊन सांगिटलं असतंस. रविवारी ये हां. आपलं माणूस असलं की धीर येतोय.”

मी गेलो. माणूस किती घाणेरडा असू शकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं म्हणा.

तेच देऊळ, तीच गर्दी, वकिलांना तीच खुर्ची. फेटा मात्र नव्हता. उघड्या डोक्यानं रावसाहेब देवासमोर उभा राहिला आणि पुजाऱ्यानं त्याच्या ओंजळीत भंडारा ओतला.

“साहेबांच्या गाडीतलं पेट्रोल मी घेतलं,” रावसाहेब म्हणाला.

गर्दीतून सुस्कारा निघाला. लोक सैल झाले. त्याची बायको खांबाला टेकून रडायला लागली.

“असं न्हाई,” पुजारी म्हणाला. म्हातारा होता, कामाला चोख. “देवाला मोघम चालत न्हाई. किती घेतलंस ते बोल. कमी सांगिटलंस तर उतारा लागू पडायचा न्हाई.”

रावसाहेब घुटमळला. त्यानं ओंजळीकडं बघितलं, देवाकडं बघितलं. मग तो वळला आणि अदबीनं, कोर्टात कागद मागावा तसा म्हणाला, “वकीलसाहेब, किती झालं असंल हो?”

वकिलांनी बोटं मोजली. दोन महिने, रोजचे ऐंशी, पंधरा आणि दहा. “एकशे वीस लिटर,” ते म्हणाले.

“एकशे वीस लिटर,” रावसाहेब देवाला म्हणाला.

चोर आपल्या चोरीचा आकडा ज्याची चोरी झाली त्यालाच विचारत होता, आणि त्या एवढ्या माणसांत हे कुणालाही वावगं वाटलं नाही. वकिलांनाही नाही. हिशेब बरोबर होता. तो मी माझ्या मनाशी आधीच केला होता.

पुजाऱ्यानं भंडारा उधळला. लोक रावसाहेबाच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. ज्ञानू येऊन त्याच्या गळ्यात पडला. वकिलांनी त्याला जवळ घेतलं. तो सगळ्यांच्या खांद्यांवरून मला शोधत होता. मी दिसलो तेव्हा त्यानं मान डोलावली, आलास ते बरं केलंस अशा अर्थानं.

घरी आलो तेव्हा माझ्या कपाळावर भंडारा तसाच होता.

“कुणाचा नवस फिटला रं?” आईनं विचारलं.

“रावसाहेबमामाचा,” मी म्हणालो आणि ताटावर बसलो. भाकरी गरम होती. पोटभर जेवलो.